तुमच्या शेजारणीला कळवावे

राळेगाव,
ता. ११ मार्च १९६४

तीर्थस्वरूप इंदुताईंस,

तुमच्या धाकट्या भावजयीचा, म्हणजे विमलचा, नमस्कार. दोन्ही हात जोडून केला आहे आणि जोडलेले हात कपाळापर्यंत नेले आहेत, हे मुद्दाम लिहिते, कारण दीड वर्षापूर्वी माझा डावा हात कमरेच्या वर यायला तयार नव्हता. भगवानराव भाऊजींचा खोकला कमी झाला असेल. इकडे तुमचे भाऊ ठीक आहेत, जेवण अंगी लागत नाही अशी तक्रार करत दोन वेळा पोटभर जेवतात.

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या शेजारणीच्या छातीत गाठ निघाली, यवतमाळच्या डॉक्टरांनी नागपूरला जाऊन ती बाजू काढून टाका म्हणून सांगितलं, आणि बाई म्हणते मरेन पण अख्खी मरेन, हे वाचून जिवाला घोर लागला. (शेजारणीचं नाव तुम्ही लिहिलं नाही, मीही विचारत नाही.) ऑपरेशननंतर काय काय होतं ते तिला जाणून घ्यायचं आहे म्हणता, तर माझ्यावर जे जे गुदरलं ते लिहिते. तिला वाचून दाखवा. एकटीनेच वाचलंत तरी चालेल.

पहिले दोन दिवस ओकाऱ्या होतात. त्या गुंगीच्या औषधाच्या, जखमेच्या नव्हेत, पण तेव्हा कोण हिशेब ठेवतो? मग एक नळी लावलेली असते, तिच्याकडे बघू नये. कुशीवर निजता येत नाही, पाठीशी उशा रचून बसल्या बसल्या निजावं लागतं. शिवण ओढते, काखेखाली बधिर होतं, आणि सगळ्यांत चमत्कारिक म्हणजे जे काढून टाकलं तिथेच खाज सुटते. नर्सबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या असं होतं. चौदाव्या दिवशी टाके काढून मला घरी पाठवलं, आणि जाताना बजावलं की रोज भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि डाव्या हाताची बोटं भिंतीवरून वर चढवत न्यायची, कितीही दुखलं तरी. मी स्वयंपाकघरातली भिंत धरली. तुमचे भाऊ बोटं पोचतील तिथे कोळशाने रेघ मारायचे आणि खाली तारीख लिहायचे. दिवाळीच्या आधीच दिलेला चुना वाया गेला, पण रेघा चढत गेल्या.

हाल झाले ते वेणीचे. एका हाताने वेणी घालता येत नाही. तुमच्या भावाने जन्मात अंबाडीचे दोर सोडून काही वळलेलं नाही, त्यांनी माझे केस तसेच वळले. पीळ देऊन, ओढून, शेवटाला गाठ. आठ दिवस माझ्या भुवया वरच होत्या, आणि भेटायला येणाऱ्या बायकांना वाटे की ही कशाने तरी चकित झाली आहे. मी बोलले नाही, कारण वेणी घालताना ते मागे उभे असत, त्यांना वाटे की मला दिसत नाही, आणि ते डोळे पुसत. (भावाला हे सांगू नका.)

आता खरी गोष्ट. जखम भरली तरी पोलकं एका बाजूला रिकामं लोंबतं. मी तीन महिने दोन पदर घेऊन फिरले, उन्हातसुद्धा. शेवटी शमसुन्निसाला बोलावलं. ही इथली पोलकी शिवणारी बाई, तिच्या हातात माप आहे आणि पोटात गोष्ट राहते. तिने पोलक्याला आतून खिसा केला आणि कापडाची गोल उशी शिवली. तुमच्या भावाने आपल्याच शेतातला, जिनात सरकी काढून आणलेला, पांढराशुभ्र कापूस दिला, एक काडी त्यात नव्हती. मी ऐटीत बाजारात गेले आणि परतले तोवर ती उशी गळपट्टीपाशी येऊन बसली होती. कापूसच तो, हलका, वरच चढणार. शमसुन्निसा म्हणाली, “बाई, याले वजन पाह्यजे. काही जड भरल्याबिगर हे जाग्यावर राह्यत नाही.”

कापसाच्या मुलखात राहणाऱ्या दोन बायकांना जड म्हटल्यावर काय सुचणार? गोठ्यातल्या पोत्यातून दोन मुठी सरकी काढली आणि भरली. बसली अगदी झकास. इकडून तिकडून बघितलं, कुठे काही कळेना. त्या उशीवर मी घनश्याम पाटलांकडे हळदीकुंकवाला गेले, ऑपरेशननंतर प्रथमच चारचौघींत.

अंगणात वीस-बावीस बायका, आणि दावणीला त्यांची ताजी व्यालेली म्हैस. मी वाण घ्यायला वाकले ती नेमकी तिच्याजवळ. सरकीवर वाढलेलं जनावर ते, त्याला काय कळायचं की ही सरकी कोणाची! तिने मान लांबवली, पदराखाली तोंड घातलं आणि पोलक्यासकट ओढलं. शिवण उसवली आणि सगळी सरकी अंगणात सांडली. म्हैस निवांतपणे ती टिपू लागली.

ताई, इतकं शांत हळदीकुंकू मी पाहिलेलं नाही. मला वाटलं धरणीने पोटात घ्यावं. मग त्या म्हशीने मान वर करून, आणखी आहे का, अशा नजरेने माझ्या उजव्या बाजूकडे पाहिलं, आणि मला हसू फुटलं. नागपूरहून आल्यापासून मी हसले नव्हते. थांबेचना. मग बायकाही हसल्या, कोणीतरी शाल पांघरली, आणि एकीनेही तोंड वाकडं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुखीबाई आली, शेजारच्या तांड्यावरची, आमच्याकडे कापूस वेचते. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, मले बी गाठ हाये. कोनाले सांगतलं नाही.” तिला आम्हीच नागपूरला नेलं. तिची गाठ साधी निघाली, तेवढीच काढली आणि पाचव्या दिवशी घरी आली. सगळ्यांचंच असं होईल असं मी म्हणत नाही. पण जाऊन दाखवलं नसतं तर तिला ते कळलं नसतं.

आता माझ्या उशीत मोहरी आहे, तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली घालतो तशी, भोवती कापूस. म्हैस वास घेऊन तोंड फिरवते. परवा कोळशाची रेघ कडीपाटाच्या तुळईला लागली, पुढे भिंत नाही. शेजारणीला म्हणावं, अख्खं असणं म्हणजे काय ते मला आता ठाऊक आहे, विचारायला ये.

भाऊजींना नमस्कार.

आपली,
विमल

ता. क. वर मी फार धीराची दिसते. तसं काही नाही. पहिल्यांदा पट्टी उघडली तेव्हा मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही.

ता. क. दुसरा. ताई, तुमच्या घराच्या एका अंगाला विहीर आहे आणि दुसऱ्या अंगाला जिनाचं कुंपण. शेजारीण राहणार कुठे?

ता. क. तिसरा. येत्या सोमवारी सकाळच्या मोटारीने यवतमाळला या. मी स्टँडवर उभी असेन, तिथून नागपूरला जोडीने जाऊ. तुमचे भाऊ डॉक्टरांशी बोलून आले आहेत. तुम्ही मला रागवाल, भावजय होऊन शहाणपणा शिकवते म्हणाल. खुशाल रागवा. सासूबाई गेल्यापासून मला रागावणारं तुमच्याशिवाय कोणी नाही, आणि मला अजून पुष्कळ वर्षं तुमची बोलणी खायची आहेत.