फुआतिनोनं दुसरी पुडी घेतली

आदरणीय उएलेसेदादा,

धाकट्या चुलतभावाचा आदरपूर्वक नमस्कार. तब्येतीची चौकशी पुढे करतोच, पण आधी बातमी सांगतो, नाहीतर ती तुम्हाला दुसऱ्याच कुणाकडून कळायची. आमच्या फुआतिनोनं समुद्राकाठच्या हॉटेलात परक्या पुरुषाच्या हातचा, अळूच्या पानांत बांधलेला पालुसामी खाताना डोळे मिटले, आणि डोळे उघडल्यावर दुसरी पुडी घेतली. मी समोरच बसलो होतो, पण अशा बाबतीत नवऱ्याची साक्ष कोण धरतं? म्हणून कळवतो की शेजारच्या टेबलावरच्या पाद्रीणबाईंनी बातमीला दुजोरा दिला आहे. (तो त्यांनी न विचारता दिला, आणि मग उरलेल्या गावालाही दिला.)

आता तब्येत. तुमचे गुडघे ऑकलंडच्या थंडीत कसे आहेत? वहिनींचा रक्तदाब खाली आला का? इकडे सगळे ठीक आहेत. डुकरीण व्याली, नऊ पिल्लं झाली, आणि मला काडीचा आनंद झाला नाही, यावरून माझी अवस्था ओळखा.

आमच्या घरातली वाटणी तुम्हाला ठाऊक आहे. सोमवार ते शनिवार चूल फुआतिनोची, रविवारची उमू, ती तापल्या दगडांची भट्टी, माझी. एकोणीस वर्षं दर रविवारी मी उजाडायच्या आत उठतो, दगड तापवतो, खवणीवर बसून नारळ खवतो, काथ्यातून दूध पिळतो, अळूच्या कोवळ्या पानांत ते घट्ट दूध, कांदा आणि मीठ घालून पालुसामीच्या पुड्या बांधतो आणि तापल्या दगडांवर ठेवून देतो. चर्चमधून आलो की पहिली पुडी फुआतिनो उघडते, पहिला घास घेते आणि डोळे मिटते. बस्स. लोकांना गावाच्या सभेत मानाच्या पदव्या मिळतात, मला हे मिळत होतं, आणि मी कधी तक्रार केली नाही.

महिन्यातून एकदा आम्ही दोघं बाहेर जेवतो. ती खाद्ययादी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते (शुभवर्तमान वाचतानासुद्धा ती मधली पानं सोडते), मग आम्ही दोन वेगळे पदार्थ मागवतो, अर्धे संपले की ताटं बदलतो, आणि हे जेवण चालू असतानाच पुढच्या जेवणाचं ठरवतो. आमचा एकच नियम आहे: घरी जे होतं ते बाहेर खायचं नाही. कोळंबी खा, पिझ्झा खा, त्या फ्रेंच नावाचं कांद्याचं रडकं सूप खा. पण अळू, नारळ, नीरफणस, यांच्याशी बाहेर संबंध ठेवायचा नाही. नियम तिनंच केला होता, लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात, जेव्हा मी एका खानावळीत तिच्या हातच्यापेक्षा बऱ्या शेवयांचं कौतुक केलं होतं. (ते प्रकरण वेगळं. मी तेव्हा तरुण होतो.)

तर त्या रविवारी, सलग तिसऱ्यांदा, माझी पाठ धरली होती, म्हणून उमू पेटवली नाही आणि आम्ही हॉटेलात गेलो. मांडलेल्या पदार्थांच्या रांगेत ती माझ्या पुढे होती. कोळंबीपाशी थांबली नाही. माशापाशी थांबली नाही. थेट पालुसामीपाशी गेली. मी म्हटलं, "अगं, नियम?" ती म्हणाली, "नुसतं बघते." आणि मग तिनं तोंडानं बघितलं.

परतताना बसमध्ये मी शांतपणे विचारलं, "कसा होता?"

"काय?"

"तो."

"बरा होता रे. का?"

"काही नाही. दुसऱ्यांदाही बराच होता का?"

त्यावर ती खिडकीबाहेर बघून हसली. दादा, दहा आज्ञा मी त्या रात्री पुन्हा वाचून काढल्या. शेजाऱ्याच्या बायकोचा लोभ धरू नको, बैलाचा, गाढवाचा लोभ धरू नको, सगळं आहे. पालुसामीचं नावसुद्धा नाही. आमच्यासारख्यांचा विचारच झालेला नाही.

पुढच्या रविवारी मी पाठीला पट्टा बांधून उमू पेटवली. डोंगरावरच्या मळ्यातून सर्वांत कोवळी पानं आणली, नारळ सोळाऐवजी चोवीस फोडले. सगळं उत्तम होतं, फक्त मला धीर धरवला नाही. कसं झालंय ते बघायला मी झाकणाची पानं तीनदा उचलली, सगळी वाफ गेली आणि अळू कच्चं राहिलं. कच्चं अळू घशाला काय करतं ते तुम्हाला सांगायला नको. रीतीप्रमाणे पहिला वाटा पाद्रीबाबांच्या घरी गेला होता. संध्याकाळच्या प्रार्थनेला ते उभे राहिले, खाकरले, पुन्हा खाकरले, आणि नेहमीचं पाऊण तासाचं प्रवचन चार मिनिटांत संपलं. बाहेर पडल्यावर तिघांनी माझा हात हातात घेऊन आभार मानले. एकानं तर विचारलं, "पुढच्या रविवारी पण पाठवणार ना?" पण फुआतिनो त्या दुपारी तीन पेले पाणी प्यायली आणि तिनं डोळे उघडेच ठेवले. रडत होते, पण उघडे.

मग मात्र त्या माणसाला बघणं भाग होतं. मी तीस नारळ पोत्यात घातले आणि विक्रेता म्हणून हॉटेलच्या मागच्या दारानं शिरलो. (त्यांनी खरंच विकत घेतले, आणि भावही चांगला दिला. शत्रूकडून आलेले पैसे म्हणून ते मी दानपेटीत टाकले, बरेचसे.) स्वयंपाक्याचं नाव मालाकी. उंच, खांदे दाराएवढे, आणि दादा, दात सगळे शाबूत. त्यानं मला बघितलं आणि ओरडला, "अरे, तू फुआतिनोचा नवरा ना? तिच्या भावाबरोबर मी शाळेत होतो. ये ये! ती परवा सांगत होती, तू पालुसामी झकास करतोस म्हणून."

परवा! कुठे सांगत होती? का सांगत होती? मी विचारणार तेवढ्यात मला दारामागची ती गोष्ट दिसली. नारळाच्या दुधाचे डबे! माणसाच्या उंचीची चळत. मी बोट दाखवलं. तो निर्लज्जपणे म्हणाला, "दोनशे पाहुण्यांसाठी खवत बसलो तर हात गळून पडतील माझे. आणि कुणाला कळतं?"

माझ्या बायकोला कळायला हवं होतं, हे मी बोललो नाही. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "ये की एकदा घरी. खरा पालुसामी खाऊन बघ." त्यानं ताबडतोब भिंतीवरची दिनदर्शिका बघितली. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार त्याला सुट्टीचा आहे. म्हणाला, "मी माझाही घेऊन येतो. फुआतिनोलाच ठरवू दे." दादा, मी "हो" म्हणालो. गर्वानं जीभ लांबते ती अशी.

घरी येऊन मी फुआतिनोपुढे डब्यांची गोष्ट ठेवली. मला वाटलं, शरमेनं मान खाली घालेल. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. "डब्यातलं होतं होय? मला वाटलंच." "मग डोळे का मिटलेस?" असं मी विचारलं तेव्हा तिनं हातातला सदरा ठेवला.

"असालेमो, एकोणीस वर्षं तू माझ्या पहिल्या घासाकडे विमानतळावरच्या झडतीवाल्यासारखा बघतोस. तुझ्या नजरेसमोर घास गिळवत नाही, म्हणून मी डोळे मिटते. हॉटेलातही तू तसाच बघत होतास."

मी बराच वेळ पिल्लांजवळ जाऊन बसलो. एकोणीस वर्षांचे रविवार, दादा! नऊशेच्या वर निकाल, सगळे रद्द. मग आठवलं की दुसऱ्या पुडीचा खुलासा तिनं केलाच नाही. परत आत जाऊन विचारलं. म्हणाली, "त्याचं पहिल्या रविवारी बघू. आणि मी जेवताना तू बाहेर उमूपाशी बसायचंस."

तर आता सगळं त्या रविवारवर आहे. पाद्रीणबाई येणार आहेत, म्हणजे गावच येणार आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा. वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा भाऊ,
असालेमो

ता. क. – सिमीमावशी त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी तिकडून येते आहे. तिच्या बॅगेत नारळाच्या दुधाचे बारा डबे पाठवावेत, घट्ट दुधाचे. मागवण्याचं कारण केवळ शास्त्रीय आहे, शत्रूचं हत्यार ओळखावं म्हणून. डब्यांवरचे कागद काढून टाकावेत आणि मावशीला औषध आहे असं सांगावं.

ता. क. २ – पिल्लांपैकी एक तुमच्या नावानं राखून ठेवलं आहे. बारा कमी वाटले तर अठरा.

ता. क. ३ – दादा, मी फुआतिनो. पत्र टाकायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं, आणि चिकटवलंही नव्हतं. डबे पाठवू नका. मालाकीचा पालुसामी पातळ होता आणि मीठ जास्त होतं. पण पाठीचं निमित्त करून हा माणूस तीन रविवार उमूपासून लांब होता, आणि मी दुसरी पुडी घेतल्यापासून पट्टा बांधून चोवीस नारळ खवतो आहे. कच्चा राहिला तो एकदाच, त्यानंतरचा असा झाला की मी चोरून वाडगं बोटानं पुसून चाटलं. तेव्हा पहिल्या रविवारी मी मालाकीच्या दोन पुड्या खाणार आहे, आणि पाद्रीणबाईंना ऐकू जाईल अशी तिसरी मागणार आहे. नाताळपर्यंत उमू पेटती राहायला एवढं पुरेल असा माझा अंदाज आहे.