शुक्रवारचा बाजार

सेक्टर ६, भिलाई
मंगळवार, संध्याकाळ

नितीनची तेरवी होऊन चार दिवस झाले. माझा भाचा, जवान, रस्त्यावरच्या स्फोटात गेला. मी पोलिसांच्या गुप्तवार्ता कार्यालयात खबरी पडताळतो; त्याच स्फोटाची फाइल माझ्या टेबलावर आली. आमची आडनावं वेगळी, ऑफिसात कुणाला कळलं नाही. मीही सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

काल निष्कर्षाच्या मसुद्यात लिहून टाकलं की स्फोटाजवळच्या गावाला सगळं आधीच माहीत होतं. तीन पोलीस ठाण्यांचे तीन अहवाल तेच सांगत होते. त्यावरून उद्या गावातली पोरं उचलणार होते. आज अहवाल पुन्हा वाचले. तिन्हींत कट 'शुक्रवारच्या बाजारात' शिजल्याचं आहे. त्या गावचा बाजार बुधवारी भरतो. तिन्हींत चूक एकच, म्हणजे खबऱ्याही बहुतेक एकच, तीन ठिकाणी बोललेला. शुक्रवार कालही तिथेच लिहिलेला होता. मला गाव दोषी हवं होतं, म्हणून दिसला नाही.

ते वाक्य खोडून 'पुष्टी नाही' लिहिलं. साहेबांना नातं सांगितलं.

"पहले बताना था ना, यार," म्हणत त्यांनी फाइल ठेवून घेतली. पोरं उचलणं थांबलं.

मग रिसालीला ताईकडे गेलो.

"गाववाल्यायनंच केलं नं रे? तुले तं मालूम असन."

"मले नाही मालूम, ताई."

"मालूम नाही का सांगून नाही राहिला?"

"खरंच नाही मालूम."

"मंग दिवसभर करतो काय तू तिथं?"

चहाचा कप समोर ठेवून ती नितीनचे कपडे घडी करत बसली. मी निघालो तरी तिने वर पाहिलं नाही.