ड्रायव्हरची सीडी

मंगळवार, संध्याकाळ

थकलो. शाळेचा कॉम्प्युटर आजही विंडोजचं चित्र दाखवून निळा पडला, पुन्हा तेच. शिष्यवृत्तीची यादी उद्या जव्हारला द्यायचीय. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "डिस्प्लेचा ड्रायव्हर बिघडलाय. सोबत आलेली सीडी आणा."

ती सीडी! कपाट दोनदा उपसलं. शेवटी शिपाई काशिनाथ म्हणाला, "ती व्हय? माझ्या नागलीत टांगलीय. पाखरं येत नाय."

तणतणत त्याच्या नाचणीच्या शेतावर गेलो. सीडी दोऱ्याला फिरत होती, पार खरवडलेली. तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "गुरुजी, तुमीच दिली ना, कामाची नाय म्हणून."

दिली होती. मीच.

सीडी तिथेच ठेवली. आता यादी हातानेच. निम्मी काशिनाथ लिहील. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे त्याचं.