चिंचेने घासलेला रुपया

धाकटी डहाणू,
आषाढ अखेर, २०१७

प्रिय पुष्पा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फोन कापता येतो. पत्र फाडायच्या आधी निदान कोणाचं आहे ते तरी बघावं लागतं. अक्षराला हसू नकोस. जाळं विणणाऱ्या हातात पेन दिलं की असंच होतं. उन्नती शेजारी बसून ऱ्हस्व-दीर्घ सांगतेय आणि वर म्हणतेय, बाबा, आधी आत्याला सॉरी लिहा. लिहीन, घाई काय आहे!

भाऊबीजेला तू ओवाळणीचं ताट तसंच ठेवून सासरी तलासरीला निघून गेलीस, ते मी विसरलेलो नाही. नवी होडी अर्ध्यावर अडली होती, इंजिनाला पैसे कमी पडत होते, आणि मी आज्याचा रुपया विकायचं काढलं. बोंबलाच्या पहिल्या सौद्यात आज्याला मिळालेला तो चांदीचा रुपया आपल्या घरात पैसा म्हणून कधी राहिलाच नाही. नवी होडी पाण्यात जायची तेव्हा घरच्या लेकीने तो कुंकू लावून होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला टेकवायचा, मगच पुरुषांनी होडी ढकलायची. आधी आपल्या आत्याने केलं, मग तू. बाबांच्या शेवटच्या होडीला तू सात-आठ वर्षांची असशील. रुपया सुटू नये म्हणून मूठ अशी आवळलीस की राजाचं डोकं तुझ्या तळहातावर उमटलं, आणि ते दाखवत तू सगळं बंदर पालथं घातलंस. त्याच रुपयाला मी म्हणालो, डब्यात पडून त्याला काय पिल्लं होणार आहेत? तू चिडलीस ते बरोबरच होतं. पण इंजिनाशिवाय होडी म्हणजे नुसतं लाकूड, हेही खोटं नव्हतं ना गं?

पुढची गंमत तुला ठाऊक नाही. उन्नतीने मोबाईलवरून रुपयाचा फोटो वापीच्या एका जुनी नाणी घेणाऱ्याला पाठवला. तो म्हणाला, त्या सालचे रुपये फार थोडे निघालेत, घेऊन या, तुमच्या इंजिनाचं काम होऊन जाईल. मी इस्त्रीचा शर्ट घालून वापी गाठली. दुकानात रुमालाची गाठ सोडली, तर आतला रुपया नव्या भांड्यासारखा लखलखत होता! तुझ्या वहिनीने चिंच आणि राख लावून तो घासघासून धुतला होता. राजाच्या दाढीत बसलेला आज्याच्या वेळचा काळेपणा पार गेला होता. दुकानदाराने कपाळाला हात लावला, म्हणाला, अरे भाई, आ तो घसी नाख्यो! घासलेल्या नाण्याला शौकीन माणूस हात लावत नाही म्हणे, आता याचा भाव फक्त चांदीचा. त्या चांदीत इंजिनाचा पंखाही आला नसता. मी गाठ बांधली आणि परत आलो.

घरी येऊन जमुनावर असा ओरडलो, की शेजारची पुतळी सुकी मासळी उलटायची सोडून आमच्या दारात आली. जमुना मात्र शांत. म्हणाली, मला काय ठाऊक? बाजारात माल न्यायचा तर धुऊन, चमकवूनच नेतात, मळकी मासळी घेतं का कोण? मला पटलं. जन्मभर पाटी घेऊन बाजारात बसलेली बाई दुसरं काय करणार!

परवा उन्नतीच्या तोंडून निसटलं. वापीवाल्याने आधीच बजावलं होतं, रुपया अजिबात घासू नका, आणि उन्नतीने ते आईला वाचून दाखवलं होतं. त्यानंतरच आमच्या बाईसाहेबांनी चिंच भिजत घातली. मी तिला काही विचारलेलं नाही. विचारलं तर ती पुन्हा मासळीचंच सांगेल. राग यायला हवा होता, पण आला नाही. तू पाठ फिरवून गेलीस तरी या घरात तुझ्या बाजूचं कोणीतरी होतं, याचं बरंच वाटलं.

इंजिनाचं म्हणशील तर धाकल्या मिस्त्रीने एक जुनं इंजिन उघडून, दुरुस्त करून बसवून दिलंय. सकाळी जरा खोकतं, पण चालतं. रंगही झाला, हिरवा, तुझ्या आवडीचा. आता नारळी पौर्णिमेला नारळ वाहून सगळ्यांच्या होड्या निघतील. लोक विचारतात, नारू, तुझी कधी? मी सांगतो, रुपया घरात नाही. आणि खरंच नाही. हे पत्र घेऊन आलेल्या उन्नतीकडून तो मागून घे. माझं चुकलं, पुष्पा. रुपया यापुढे तुझ्याचकडे राहू दे, मी कधी मागणार नाही. फक्त पौर्णिमेला नविनरावांना घेऊन ये, आणि येताना मूठ आवळून ये. तू नाळेला रुपया टेकवलास की आम्ही होडी ढकलू. नाहीच आलीस, तर मी खाडीकाठी त्या कोरड्या होडीत बसून जाळी विणीन, आणि विचारेल त्याला सांगेन, बहीण वाटेत आहे.

तुझाच,
नारूदादा