पाणबुड्याच्या आत्म्याचा रंग

६ एप्रिल, सोम.
रू.ला अख्खा अंक मिळाला. सुनेचं कौतुक सासऱ्यानं वहीत लिहावं की नाही माहीत नाही, पण लिहितो. तीन वर्षं रूपाली घरात बसून अमेरिकेच्या चित्रकथांना नुसता खालचा रंग भरते. आकाश निळं, कोट हिरवा, असा सपाट. त्यावर उजेड-सावली दुसराच कोणी चढवतो आणि पुस्तकावर नाव त्याचं छापून येतं. तो आता काम सोडून गेला. तिला काम देणारे पुण्याचे साहेब आज फोनवर म्हणाले, हा अंक तुम्ही एकट्या करा, तिकडच्या संपादकबाईंनी पास केला तर रंगकाराच्या जागी नाव तुमचं.
हिला सांगितलं. ही मेथी निवडत होती. म्हणाली, "नाव तर लग्नपत्रिकेत बी येतं की." मान वर केली नाही.
मला जेवण गेलं नाही. आनंदानं की काळजीनं, कळत नाही. ऊन वाढलंय, वीज सारखी जाते, इन्व्हर्टर जुना. अवि बार्शीहून बँकेतून आला की त्याला म्हणणार आहे, बायकोच्या बॅटरीत पाणी घाल आधी.

७ एप्रिल
पाणबुड्याचा अंक आहे. माझा सगळ्यात आवडता. तांब्याचा टोप, पुढं गोल काच, हिरवा पोशाख, समुद्राच्या तळाशी जाऊन बुडत्यांना वर काढतो. त्याचं इंग्रजी नाव मला नीट म्हणता येत नाही. सातवी करून टॉवेलच्या कारखान्यात रंगखान्यात लागलो, इंग्रजी अक्षरं ओळखतो, अर्थ लागत नाही. तरुणपणी मंगळवार बाजारात रद्दीत असल्या अमेरिकन चित्रकथा मिळायच्या, कव्हरं फाटलेल्या. चित्रांवरून गोष्ट लावायचो, फुग्यातलं बोलणं मनानं घालायचो. रू. लग्न होऊन आली तेव्हा तिनं त्या पहिल्यांदा वाचून दाखवल्या. माझं निम्मं चुकलेलं. ज्याला इतकी वर्षं भाऊ समजत होतो तो दुष्मन निघाला. पण ती म्हणाली, मामा, तुमची गोष्ट जास्त चांगली आहे.
अशी सून कुणाला मिळते.

९ एप्रिल
दुपारी ऊन फार. तिच्या खिडकीला ओलं पोतं बांधलं. अंधार झाला म्हणाली, काढलं. परत अर्धं बांधलं. मनगट दुखतं का विचारलं. नाही म्हणाली. थोड्या वेळानं परत विचारलं. तेव्हा ती हसली आणि दार लोटून घेतलं.
मी फार विचारतो. ही पण तेच म्हणते.

१० एप्रिल
पाणबुड्या मरतो.
रू.नं जेवताना सहज सांगितलं. टोपाची काच फुटते, पाणी आत शिरतं, आणि सतराव्या पानावर त्याचा आत्मा काचेतून बाहेर येतो. तिकडच्या लेखकानं एवढंच लिहून दिलंय की आत्मा बाहेर येतो, चमकतो. रंग सांगितलेला नाही. ती फिकट निळा देणार होती, पण समुद्र निळा, त्यात तो हरवतो. पिवळा दिला तर कंदील वाटतो.
मी भाकरी ताटात ठेवली. ही म्हणाली, "कागदावरचं माणूस मेलं म्हनून हितं सुतक पाळता का काय." उठून अंगणात गेलो.
आत्म्याला रंग द्यायचा म्हणजे. आपल्या घरात. कुणी पाप म्हणेल का?

११ एप्रिल, शनि.
सकाळपासून एकच डोक्यात. जुने अंक काढून बसलो. गोष्ट लावली नाही, नुसत्या चौकटी बघितल्या.
दोन चौकटींच्या मधे पांढरी पट्टी असते. एकीत पाणबुड्यानं हात उचललेला, पुढच्या चौकटीत ठोसा बसलेला. मधे हात हलला तो कुठं? चित्रात नाही. त्या पट्टीत हलला. ती कुणी काढलेली नाही, कुणी रंगवलेली नाही, तरी तिच्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही. आत्मा असाच असणार. आपण फक्त चौकटीत दिसतो. रंगखान्यात निळे हात घेऊन उभा मी, मुंडावळ्या बांधलेला मी, आता दात नसलेला मी. तिन्ही चित्रं वेगळी, एकाचं तोंड दुसऱ्याशी जुळत नाही. तिघं एकच, हे कोण सांगतं? मधली पट्टी.
एवढं मला सुचलं. कुणी शिकवलं नाही. थोडा वेळ मलाच माझं बरं वाटलं.

१२ एप्रिल
रू.ला सांगितलं. तिनं माऊस सोडला आणि खुर्ची माझ्याकडं फिरवली. म्हणाली, "म्हणजे रंग भरायचाच नाही?" मी म्हटलं, पट्टीसारखा ठेव, कोरा.
तिनं करून बघितलं. आत्मा पांढरा ठेवला आणि चौकटीची वरची रेघ जरा पुसली, म्हणजे त्याचा पांढरा वरच्या पट्टीत मिसळून गेला. मी पडद्याजवळ जाऊन परत बघितलं.
मग मीच घोळ घातला. म्हटलं, रंग उन्हाच्या उजेडात बघितल्याशिवाय पास करायचा नसतो, रंगखान्यात आम्ही नमुना खिडकीशीच बघायचो. बिचारी लॅपटॉप घेऊन माझ्याबरोबर गच्चीवर आली. उन्हात पडद्यावर आम्हा दोघांची तोंडं आणि शेजारच्यांचं वाळत घातलेलं धुणं दिसलं. पाणबुड्या नाही, समुद्र नाही. दोघंही हसलो. खालून ही ओरडली, "डोकं तापंल, खाली या दोघं बी."

१३ एप्रिल
तळ्याकाठच्या बाकावर बसप्पाला भेटलो. दुधनीचा, कानडी मिसळून बोलणारा, रंगखान्यातला जोडीदार, अजून मला रंगाऱ्या म्हणतो. अभिमानानं सगळं सांगितलं. त्यानं शेंगा सोलत ऐकलं.
म्हणाला, "येनप्पा, काय रे, आत्म्याला रंग न्हाय म्हनतोस, मग दिसनार कसा? आन जे दिसतच न्हाय त्याचे अमेरिकावाले पैसे कशाला देतील?"
मी पट्टीचं समजावलं. तो म्हणाला, टॉवेलवर रिकामी जागा दिसली की मालक काय म्हणायचे आठव, इथं रंग कुणी खाल्ला म्हणायचे. वर म्हणाला, सुनेच्या कामात नाक घालतोस, नाव तिचं जायचं, तुझं काय.
बसप्पा मूर्ख नाही.

१६ एप्रिल
अंक पूर्ण. सगळी पानं पाठवली. शेवटी वीज गेलीच, पण इन्व्हर्टरनं लाज राखली. पानं जाईपर्यंत मी तिच्या मागं उभा. तिनं मला एक खुर्ची दिली, बसलो नाही.
देवापुढं साखर ठेवली. हिनं विचारलं कशाला. म्हटलं, असंच.
सगळ्या पानांचे रंग मी मन लावून बघितले. समुद्र वर हिरवा, खाली जाता जाता शाईसारखा. तांब्याच्या टोपावर उजेडाची एकच तिरीप. एका रंगातून दुसऱ्यात कुठं गेलो ते सापडत नाही. आयुष्यभर रंगात हात घातलेल्या माणसाला ते कळतं. मला असं कधी जमलं नसतं.

१८ एप्रिल, शनि.
जे व्हायचं होतं ते झालं. मला रू.नं सांगितलं नाही, हिनं सांगितलं. पाणी भरताना म्हणाली, "तिचं काम परत आलंय. तुमी काय शिकीवलं हुतं म्हनं."
बाकी सगळं पास. सतरावं पान नापास. संपादकबाईंनी विचारलंय, हे अपुरं राहिलं का? चौकट का पुसली? निळी चमक द्या, बुधवारच्या आत. साहेबांचाही फोन आला. नाही जमलं तर दुसरा माणूस पान दुरुस्त करील. मग नाव त्याचं.
तीन वर्षं बिननावाची राबली. एक संधी आली आणि म्हाताऱ्यानं पट्टी, आत्मा असलं काहीतरी कानात घातलं. रंग कुणी खाल्ला म्हणतील, तसंच म्हणाले ना.
दुपारभर पडून. अविनं विचारलं बरं नाही का. बरं आहे म्हटलं.

१९ एप्रिल
हिंमत करून तिच्या खोलीत गेलो. म्हटलं, दे निळा. मी अडाणी माणूस, माझं ऐकू नको. नाव महत्त्वाचं. चुलत भावांकडं, कॉलनीत, सगळ्यांना सांगून बसलोय मी.
ती पडद्याकडं बघत होती. मग म्हणाली, "मामा, तुमचं ऐकून ठेवलं नाही मी ते. करून बघितलं, बरोबर वाटलं, म्हणून ठेवलं. आता ते माझं आहे."
मी म्हटलं, आणि नाव?
"नाव माझं छापायचंय ना? मग त्याच्याखालचा रंग पण माझाच पाहिजे की."
आवाज चढला नाही. रागही नव्हता. मला दारापर्यंत जायला वेळ लागला.
खरं लिहितो. जरा टोचलं. ते माझं होतं, आता तिचं झालं. पण अंगणात येऊन उभा राहिलो तर छाती भरून आलेली. रंगखान्यात मालकासमोर असं एक वाक्य मला कधी बोलता आलं नाही. माझ्या घरातलं माणूस अमेरिकेला बोलतंय.

२१ एप्रिल
निळा दिला नाहीच. आत्मा पांढराच आणि चौकट मोडलेलीच. भोवतीचा समुद्र मात्र आणखी गडद केला, जवळजवळ काळा, म्हणजे पांढरं विसरून राहिलंय असं कुणी म्हणू नये. हिरवा पोशाख मळकट केला. टोपाची तांब्याची झळाळी काढून टाकली. शरीर आता नुसतं सामान वाटतं, कुणीतरी सोडून गेलेलं. हे तिचं डोकं. मला सुचलं नसतं.
बरोबर बाईंना इंग्रजीत पत्र. मला मराठीत सांगितलं त्यात काय लिहिलंय ते. तुमच्या पानावर आधीपासून जो पांढरा आहे त्यातच तो गेला, असं काहीतरी. माझं नाव पत्रात घालू का विचारलं. नको म्हटलं. घाबरून नव्हे. ते वाक्य तिनं माझ्यापेक्षा नीट लिहिलं होतं.
पाठवलं.

२२ एप्रिल, बुध.
निरोप नाही. साहेबांचा फोन आला, बाई वरच्यांना दाखवणार म्हणे, काहीही होऊ शकतं, दुसरा माणूस तयार ठेवलाय. मी गॅस बंद आहे का बघून आलो. परत बघून आलो. आत्मा अमर असला तरी माणसानं वाट किती बघायची.

२३ एप्रिल
आजही नाही.
संध्याकाळी ही ताक घेऊन रू.च्या खोलीत गेली. तीन वर्षांत त्या पडद्याकडं हिनं कधी बघितलेलं नाही, रंगीत पोरखेळ म्हणते. सतरावं पान उघडंच होतं. ताकाचा ग्लास हातात धरून उभी राहिली. मी दारात.
म्हणाली, "गेला व्हय ह्यो?"
रू. हो म्हणाली.
"घरी कोन हाय ह्याच्या?"
रू.नं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, आई आहे. मागं एका अंकात आलीय, किनाऱ्यावर घर आहे तिचं.
ही पलंगाच्या कडेवर टेकली. पदर तोंडाला लावला. "सांगितलं का तिला कुनी?"
रू. म्हणाली, "ते पुढच्या अंकात कळेल, आत्या."
"तवर ती दाराकडं बघत बसंल की."
रू.नं पान मिटलं नाही, आणि हीसुद्धा उठली नाही. अमेरिकेचा निरोप अजून यायचाय.