तारेचं सोवळं

अप्पा, आज आमच्या प्रयोगशाळेतल्या नव्या इंजिनियर मुलीने मला विचारलं, "मॅडम, या तारेचं सोवळं टिकेल ना?" आणि तुमची आठवण झाली. भट्टीजवळ वापरायच्या तारांची वेष्टनं आम्ही इथे पुण्यात ओव्हनमध्ये तापवून तपासतो. नवी होते तेव्हा मी इन्सुलेशनला सोवळं म्हणाले आणि सगळे पोट धरून हसले. आपली तंजावरी मराठी इथे तशीही पेशवाईतली वाटते. मी म्हटलं, हसा. आता तोच शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि तो माझ्या अप्पांचा आहे हे मी ऐटीत सांगते.

कुंभकोणमला घराच्या पुढच्या खोलीत तुमचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान, आणि आत आई रेशमी सोवळं नेसून स्वयंपाकाला. शाळेतून येऊन तिला हात लावला की ती ओरडायची. तुम्ही हसून म्हणायचात, "तारेसही तसंच. उघड्या तारेस कोण्ही शिवूं नये. पण चुलीपाशी प्लास्टिक नेसवलंस तर तें वितळून जाईल. तेथे काचेचंच पाहिजे." काचेच्या धाग्यांची ती पांढरी नळी तुम्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचात.

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. मी पॉलिटेक्निकला होते आणि सुट्टीत तुमच्या हाताखाली काम करत होते. स्वामीमलैला मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींच्या भट्टीचा ब्लोअर दुरुस्तीला आला. वाइंडिंग तुम्ही केलंत, बाहेर येणाऱ्या तारांना नळी मी चढवली. तिसऱ्या दिवशी निरोप आला की ऐन ओतकामात ब्लोअर बंद पडलाय. तुम्ही डबा काखेत मारलात आणि आपण बस पकडली. तिथे तुम्ही मोटरचं झाकण काढता, तर आत प्लास्टिकची नळी गुळाच्या पाकासारखी ओघळलेली, तारा एकमेकींना चिकटलेल्या. साचा तापवून तयार आहे आणि मुशीतला धातू थंड होत चाललाय. स्थपती तमिळमध्ये विचारतात, "हे कुणाचं काम?" आणि बघतात माझ्याकडे. मुलीला असलं काम देता म्हणून त्यांनी आधीच तुम्हाला टोचलं होतं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "माझं. चूक माझी." जळलेला भाग कापलात, डब्यातून काचेची नळी काढून चढवलीत, आणि ब्लोअर घरघरला. मूर्ती ओतली गेली. त्या दिवशी मला तुमचा जितका अभिमान वाटला तितकीच स्वतःची लाज वाटली.

परतीच्या बसमध्ये तुम्ही एवढंच विचारलंत, "काचेची नळी का घेतली नाहीस?"

"दिसली नाही, अप्पा."

"सरि, बरं," म्हणालात. मला वाटलं, संपलं माझं दुकानातलं काम. पण दुसऱ्या सकाळी पुढची मोटर तुम्ही माझ्याच पुढ्यात ठेवलीत. आज माझ्या सहीशिवाय इथून एक तार बाहेर जात नाही, ते त्या मोटरमुळे.

पुण्याला निघाले तेव्हा तो डबा तुम्ही मला दिलात. गाडीत उघडला, तर नळीवर सुती हातमोज्यांची नवी जोडी होती. तेव्हा कळलं, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. त्यानंतर तुम्ही गेलात आणि बोलायचं राहून गेलं. हा कागद त्याच डब्यात ठेवते आहे. नळी दिसली होती, अप्पा. हाताला खाज सुटते म्हणून घेतली नव्हती.