उम्म तलह बाजारातील पिठाचा काटा

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
वजनमापे परवाना कार्यालय, वसई विभाग

विषय : काटे दुरुस्तीकार श्री. पास्कल तुस्कानो यांचा परवाना चालू असल्याचे पत्र तातडीने मिळण्याबाबत.
संदर्भ : नियम ७ (परवानाधारकाने वजनांसह स्वतः हजर राहणे).

महोदय,

१. सुदानमधील उम्म तलह गावच्या बाजारात जानेवारीत ४१ काटे होते : २६ तराजू, १२ स्प्रिंगकाटे, ३ प्लॅटफॉर्म काटे. ते तपासायला माझे वडील मस्कतच्या एका कंपनीतर्फे गेले होते. २ मार्चला एका सशस्त्र तुकडीने गाव ताब्यात घेतले. आता तिथे एकच काटा चालतो. त्यावर तुकडी मदतीचे पीठ वाटते, कुटुंबामागे २० किलो.

२. ९ एप्रिलला तो काटा अडकला. वडिलांना फक्त मोकळा करायला सांगितले होते. त्यांनी तीस वर्षांच्या सवयीने त्यावर आपले २० किलोचे वजन ठेवले. काट्याने २१.८ दाखवले. त्यांनी तो दुरुस्त केला आणि शिशाचे सील ठोकून त्यावर आपली खूण उठवली. फोनवर मला म्हणाले, "बाय, काटा खोटा दाखवत होता. तसाच सोडून कसा उठू?"

३. पुढच्या वाटपात ३०० पैकी २७५ कुटुंबांनंतर पीठ संपले. माझ्या हिशेबाने पूर्वी प्रत्येकाला १८.३५ किलोच मिळत होते, म्हणून पुरत होते. कोठीत ६००० ऐवजी ५५०५ किलोच का असते, हे वडिलांनी विचारले नाही. तरी काटा बिघडवणारा शत्रूचा माणूस म्हणून त्यांना डांबले आहे.

४. तुकडीच्या कमांडरचे म्हणणे : हा खरोखर काटेवाला असल्याचा सरकारी कागद आणा. कंपनीचे पत्र पोचले, पण तिचा शिक्का चौकोनी असल्याने नाकारले गेले. आपला शिक्का गोल आहे. नियम ७ मला मान्य आहे. परंतु परवानाधारक कोठडीत आणि वजने कमांडरच्या टेबलाखाली आहेत.

५. एक गोष्ट आपल्यापासून लपवणे योग्य नाही. पीठ न मिळालेली ती २५ कुटुंबे कोठीच्या दारात बसून राहिल्याने १७ मे रोजी वडिलांनी, कोठडीतून काट्यापाशी आणल्यावर, तो पूर्ववत खोटा केला व कमांडरच्या दरडावणीवरून स्वतःचे सील लावले. खोट्या सीलसाठी परवाना रद्द होतो, हे मला ठाऊक आहे. विनंती इतकीच, की पत्र आधी द्यावे. वडील मस्कतला उतरले की परवाना रद्द करावा. तारीख मी स्वतः कळवीन. पत्रासाठी कमांडरने दिलेली मुदत ३० मे आहे.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
फ्लाविया पास्कल तुस्कानो
(एम.एस्सी., रसायनशास्त्र)
माबेला, मस्कत
दि. २१ मे २०२५

सोबत :
१) परवान्याची छायाप्रत.
२) ट्रकचालक आदिल यांनी २० मेच्या वाटपातील एक पिशवी गावाबाहेरच्या गिरणीत मोजली, त्याची नोंद : वाटपाच्या काट्यावर २०.० किलो, गिरणीत १८.३ किलो. पीठ मिळालेली कुटुंबे : ३००.